पंजाबराव देशमुख

डॉ. पंजाबराव शामराव देशमुख (जन्म : पापळ, नांदगाव खंडेश्वर तालुका, अमरावती जिल्हा, २७ डिसेंबर १८९८, मृत्यू : दिल्ली, १० एप्रिल १९६५) हे वऱ्हाडातील शिक्षणप्रसारक, शेतकऱ्यांचे नेते, संविधान सभेचे सदस्य आणि केंद्रीय कृषिमंत्री होते. वऱ्हाडात ते भाऊसाहेब या नावाने ओळखले जातात. अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था आणि अखिल भारतीय पातळीवरील भारत कृषक समाज या त्यांनी स्थापन केलेल्या दोन प्रमुख संस्था होत. दिल्ली येथे १९५९-६० मध्ये भरलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनाचे ते मुख्य प्रवर्तक होते. त्या प्रदर्शनाचे यजमानपद सरकारी खात्याकडे न ठेवता शेतकऱ्यांच्या संस्थेकडे देण्यात आले होते. सार्वजनिक जागेचा कारभार कोणी करावा आणि कोणासाठी करावा, हा प्रश्न त्यांच्या सार्वजनिक जीवनात जिल्हा कौन्सिलपासून या प्रदर्शनापर्यंत सतत येत राहिला. या लेखात त्यांच्या चरित्राबरोबर कार्याच्या या बाजूचा विशेष परिचय दिला आहे.

जन्म आणि बालपण

पापळ हे गाव आज नांदगाव खंडेश्वर तालुक्यात आहे. तालुक्याचे ठिकाण तेथील खंडेश्वराच्या हेमाडपंती शिवालयामुळे प्रसिद्ध आहे. परिसर काळ्या जमिनीचा असून पंजाबरावांच्या बालपणी कापूस आणि ज्वारी ही येथील मुख्य पिके होती. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव कदम. देशमुखीच्या वतनामुळे पुढे देशमुख हे नाव रूढ झाले. वडिलांचे नाव शामराव आणि आईचे राधाबाई. घर शेतकऱ्याचे होते आणि कर्ज, सावकार व पावसाची अनिश्चितता या गोष्टी त्या घरालाही चुकल्या नव्हत्या.

प्राथमिक शिक्षण पापळला झाल्यावर पुढील शिक्षणासाठी ते चांदूर रेल्वे, कारंजा लाड आणि अमरावती येथे राहिले. अमरावतीच्या हिंदू हायस्कुलातून माध्यमिक शिक्षण पूर्ण करून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२० मध्ये ते उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. त्या खर्चासाठी वडिलांनी शेतीवर कर्ज काढले. एडिंबरा विद्यापीठाची एम.ए. ही पदवी, ऑक्सफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरची सनद मिळवून १९२६ मध्ये ते स्वदेशी परतले. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. हा प्रबंध १९३३ मध्ये इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

१९२७ मध्ये त्यांचा विवाह विमलाबाई वैद्य यांच्याशी झाला. हा विवाह आंतरजातीय होता आणि त्या काळच्या वऱ्हाडी समाजात त्याची मोठी चर्चा झाली. विमलाबाई पुढे स्वतः संसदेच्या सदस्य झाल्या.

पार्श्वभूमी : वऱ्हाडातील बाजार आणि जत्रा

पंजाबरावांच्या पुढील कार्याचा संदर्भ कळण्यासाठी वऱ्हाडातील सार्वजनिक बाजारांची रचना पाहणे उपयुक्त ठरते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाड हा भारतातील कापसाचा एक प्रमुख प्रदेश बनला. शेतकरी बैलगाडीत कापूस भरून बाजारात आणी. तेथे वजन, भाव, दलाली आणि निरनिराळ्या कपाती यांवर त्याचे काहीच नियंत्रण नसे. या व्यवहाराला नियम असावेत या हेतूने १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. हा भारतातील पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. बाजाराची जागा निश्चित करणे, दलाल व मापाऱ्यांना परवाने देणे, फी आकारणे आणि तंटे सोडवणे ही कामे बाजार समितीकडे आली.

या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती. समित्यांवर व्यापाऱ्यांचे वर्चस्व होते आणि ज्याच्या मालावर बाजार चाले त्या शेतकऱ्याला कारभारात पुरेसे स्थान नव्हते. बाजार शेतकऱ्याच्या नावाने भरत असला तरी त्याची सूत्रे दुसऱ्याच्या हाती होती. ज्या कारंज्यात हा नियंत्रित बाजार होता, तेथेच पंजाबरावांच्या विद्यार्थिदशेतील काही काळ गेला.

बाजारांबरोबर जत्रा हाही वऱ्हाडच्या सार्वजनिक जीवनाचा मोठा भाग होता. सातपुड्याच्या पायथ्याशी भरणारी बहिरमची यात्रा, कौंडण्यपूरची कार्तिकी यात्रा यांसारख्या जत्रांत देवदर्शनासोबत खरेदी-विक्रीचे व्यवहार चालत. जत्रेच्या मैदानावर पाणी, वाटा, स्वच्छता आणि साथीचे रोग यांची व्यवस्था पाहावी लागे. ब्रिटिश राजवटीत अशी बरीच कामे स्थानिक स्वराज्य संस्थांकडे आली.

शेतकी प्रदर्शनांची कल्पनाही मध्य प्रांतात नवी नव्हती. नागपूर येथे १८६५ मध्ये कला, उद्योग व शेतमालाचे मोठे प्रदर्शन भरले होते. मात्र अशा प्रदर्शनांचे आयोजन सरकारी अधिकारी करीत आणि शेतकरी तेथे मुख्यतः प्रेक्षक असे. महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड या १८८३ मधील ग्रंथात जनावरांची प्रदर्शने भरवावीत, पिकांच्या व औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात आणि उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत, अशी सूचना केली होती. फुल्यांच्या या विचारात शेतकरी हा पाहुणा नसून परीक्षा देणारा आणि मान मिळवणारा होता. सत्यशोधक चळवळीचा प्रभाव असलेल्या वऱ्हाडी पिढीत पंजाबराव वाढले.

अमरावती जिल्हा कौन्सिल

परदेशातून परतल्यावर पंजाबरावांनी अमरावतीत वकिली सुरू केली आणि त्याच वेळी सामाजिक कार्यात भाग घेतला. ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी १९२६-२७ च्या सुमारास त्यांनी श्रद्धानंद छात्रालय सुरू केले. तेथे सर्व जातींच्या मुलांना प्रवेश होता आणि घरोघरी मूठमूठ धान्य गोळा करून ते चालवले जाई. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी झालेल्या चळवळीत त्यांनी पुढाकार घेतला.

१९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. प्राथमिक शाळा, रस्ते, दवाखाने, विहिरी, कोंडवाडे, बाजार आणि जत्रा हा जिल्हा कौन्सिलांच्या कामाचा परीघ होता. पंजाबरावांच्या कारकिर्दीत दोन निर्णय महत्त्वाचे ठरले. शिक्षणासाठी कर वाढवून प्राथमिक शिक्षणाचा विस्तार करण्यात आला आणि कौन्सिलच्या अखत्यारीतील सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्यात आल्या.

विहिरींचा निर्णय हा त्यांच्या प्रशासनदृष्टीचा पहिला ठळक पुरावा आहे. सार्वजनिक पैशातून बांधलेली आणि राखलेली वास्तू कोणत्याही गटाची खाजगी मिरास होऊ शकत नाही, हे तत्त्व त्यामागे होते. मंदिराच्या प्रश्नात विश्वस्त, पुजारी आणि रूढी यांच्याशी संघर्ष करावा लागे. विहिरींच्या बाबतीत निर्णय निवडून आलेल्या संस्थेच्या हाती होता आणि त्या संस्थेने तो घेतला. करवाढीमुळे जमीनधारकांची नाराजी ओढवली, विहिरींच्या निर्णयामुळे गावोगावच्या सवर्णांची. तरीही हे दोन्ही निर्णय जिल्हा कौन्सिलच्या इतिहासात टिकून राहिले.

मध्य प्रांताचे मंत्रिपद

१९३० मध्ये पंजाबराव मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कायदे मंडळावर निवडून आले आणि प्रांतिक मंत्रिमंडळात त्यांचा समावेश झाला. शिक्षण आणि शेती ही महत्त्वाची खाती त्यांच्याकडे होती. १९३३ पर्यंत ते मंत्री होते. हा काळ जागतिक मंदीचा होता. कापसाचे भाव कोसळले होते आणि शेतकरी कर्जात बुडाला होता. मध्य प्रांतात १९३३ मध्ये झालेला कर्ज लवाद कायदा त्यांच्या प्रयत्नांशी जोडला जातो. या कायद्यान्वये सावकार आणि ऋणको यांच्यात तडजोड घडवून आणण्यासाठी लवाद मंडळे नेमण्याची तरतूद झाली. कापूस बाजारांसंबंधीचा मध्य प्रांताचा नवा कायदाही १९३२ मध्ये, म्हणजे याच सुमारास, झाला.

१९३२ मध्ये त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली. खेड्यातील बहुजन मुलांपर्यंत माध्यमिक आणि उच्च शिक्षण नेणे हा संस्थेचा उद्देश होता. वऱ्हाडात ठिकठिकाणी शाळा, वसतिगृहे आणि महाविद्यालये उभी राहिली. संस्थेच्या पुढील विस्तारात कृषी शिक्षणालाही स्थान मिळाले. लोकवर्गणीतून संस्था उभारायची, तिला नोंदणीकृत घटना द्यायची आणि निवडलेल्या कार्यकारिणीकडे तिचा कारभार सोपवायचा, ही कार्यपद्धती येथे पक्की झाली. पुढे राष्ट्रीय पातळीवर काम करताना त्यांनी हीच पद्धत वापरली.

संविधान सभा आणि केंद्रीय मंत्रिमंडळ

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पंजाबराव मध्य प्रांत व वऱ्हाडातून संविधान सभेवर गेले. मागासलेल्या वर्गांचे आणि ग्रामीण जनतेचे सरकारी सेवांतील व कायदे मंडळांतील प्रतिनिधित्व हा त्यांच्या तेथील भाषणांचा आणि दुरुस्त्यांचा मुख्य विषय होता. १९५२, १९५७ आणि १९६२ या तिन्ही सार्वत्रिक निवडणुकांत ते अमरावतीतून लोकसभेवर निवडून आले.

१९५२ ते १९६२ या दशकात केंद्रात शेतीविषयक खात्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्यांचा उल्लेख अनेकदा भारताचे पहिले कृषिमंत्री असा केला जातो. तथापि, त्यांच्यापूर्वी राजेंद्रप्रसाद, जयरामदास दौलतराम आणि क. मा. मुन्शी यांनी अन्न व कृषी मंत्रालय सांभाळले होते. पंजाबरावांच्या काळातही या मंत्रालयाची कॅबिनेट पातळीवरील धुरा आधी रफी अहमद किडवई, नंतर अजितप्रसाद जैन आणि १९५९ पासून स. का. पाटील यांच्याकडे होती. पंजाबरावांचे पद कॅबिनेटबाहेरील मंत्र्याचे होते. परंतु शेतकऱ्यांशी थेट संबंध असलेला मंत्री ही त्यांची ओळख दशकभर कायम राहिली. भातशेतीच्या जपानी पद्धतीचा १९५३ पासून देशभर झालेला प्रचार हे त्यांच्या कारकिर्दीतील उल्लेखनीय काम होय. रोपवाटिकेत सुदृढ रोपे तयार करणे, ओळीत लावणी, वेळेवर खुरपणी आणि भरपूर खत ही या पद्धतीची मुख्य अंगे होती.

अशा पद्धतीचा प्रसार पत्रकांतून फारसा होत नाही. शेतकऱ्याने पीक डोळ्यांनी पाहावे लागते. प्रात्यक्षिक आणि प्रदर्शन यांवर पंजाबरावांचा भर होता तो याच कारणाने.

भारत कृषक समाज

१९५५ मध्ये पंजाबरावांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली. शेतकऱ्यांची पक्षनिरपेक्ष, देशव्यापी आणि नोंदणीकृत संघटना असे तिचे स्वरूप होते. उद्योगपती आणि व्यापारी यांची मंडळे सरकारदरबारी आपले म्हणणे संघटितपणे मांडत असत. देशातील बहुसंख्य असलेल्या शेतकऱ्यांना तसे व्यासपीठ नव्हते. ही उणीव भरून काढणे, शेतीविषयक ज्ञानाचा प्रसार करणे आणि परदेशांतील शेतकरी संघटनांशी संबंध जोडणे ही समाजाची उद्दिष्टे होती.

सत्तेवर असलेल्या मंत्र्याने शेतकऱ्यांची स्वतंत्र संघटना स्थापन करणे ही असाधारण गोष्ट होती. मंत्रिपद हे काही काळाचे असते आणि खात्याची धोरणे बदलतात. शेतकऱ्यांची संस्था मात्र टिकू शकते, हा विचार तिच्यामागे दिसतो. त्याच वेळी मंत्र्याच्या छायेत वाढणारी संस्था सरकारपासून खरोखर स्वतंत्र राहील का, हाही प्रश्न तेव्हापासून समाजाच्या वाटचालीशी जोडला गेला.

जागतिक कृषी प्रदर्शन, १९५९-६०

१९५९ हे वर्ष भारतीय शेतीच्या दृष्टीने अडचणीचे होते. अन्नधान्याची टंचाई होती. १९५६ पासून अमेरिकेच्या पी.एल. ४८० या कायद्याखाली गहू आयात होत होता. एप्रिल १९५९ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने आलेल्या तज्ज्ञांच्या अहवालाने भारतातील अन्नसंकटाचा इशारा दिला. त्याच वर्षी जानेवारीत काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने सहकारी संयुक्त शेतीचा ठराव केला होता आणि त्यावर देशभर तीव्र वाद सुरू होता. शेती कोणत्या वाटेने न्यावी याविषयी एकमत नव्हते. अशा वेळी भारत कृषक समाजाच्या यजमानपदाखाली दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवण्यात आले.

११ डिसेंबर १९५९ रोजी प्रदर्शनाचे उद्घाटन झाले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आणि पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्याबरोबर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर या प्रसंगी उपस्थित होते. भारताला भेट देणारे ते अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष होत. प्रदर्शन १९६० च्या फेब्रुवारीपर्यंत चालले.

अमेरिकेच्या दालनाला भारतीय प्रेक्षकांसाठी मेळा हे ओळखीचे नाव देण्यात आले होते. अन्न, कुटुंब, मैत्री आणि स्वातंत्र्य या चार शब्दांभोवती त्या दालनाची मांडणी होती. त्याची वास्तुरचना मिनोरू यामासाकी यांनी केली होती. घुमटांच्या रांगा आणि जलाशय यांमुळे ती वास्तू भारतीय परंपरेशी नाते सांगणारी वाटे. यामासाकी पुढे न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे वास्तुकार म्हणून जगाला परिचित झाले. सोव्हिएत संघानेही प्रदर्शनात दालन उभारले होते. एका बाजूला कुटुंबाच्या मालकीचे यांत्रिक शेत आणि दुसऱ्या बाजूला सामूहिक शेती, अशी शीतयुद्धातील दोन परस्परविरोधी चित्रे भारतीय शेतकऱ्याला एकाच मैदानावर पाहता आली. सहकारी शेतीवरील देशांतर्गत वादाच्या पार्श्वभूमीवर या तुलनेला विशेष अर्थ होता.

प्रदर्शनाच्या व्यवस्थापनाचा प्रश्न

मोठे कृषी प्रदर्शन म्हणजे काही महिन्यांसाठी वसवलेले नगरच असते. जमीन ठरावीक मुदतीसाठी मिळवणे, तिची आखणी करून दालनांना जागा वाटून देणे, भाडे आणि प्रवेशशुल्क ठरवणे, पाणी, वीज, सांडपाणी आणि आग विझवण्याची सोय करणे, जनावरांसाठी चारा व पशुवैद्य यांची तजवीज ठेवणे, दूरवरून येणाऱ्यांचा मुक्काम आणि प्रवास पाहणे आणि शेवटी मैदान मोकळे करून हिशेब चुकता करणे, अशी कामांची साखळी त्यात असते. परदेशी सरकारे सहभागी असतील तर सीमाशुल्क, सुरक्षा आणि राजशिष्टाचार यांची भर पडते.

आज दिल्लीत अशा कामांसाठी कायम यंत्रणा आहे. १९७२ मध्ये एशिया ७२ या प्रदर्शनाच्या निमित्ताने प्रगती मैदान आकारास आले आणि १९७७ मध्ये ट्रेड फेअर अथॉरिटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. १९५९ मध्ये ही प्राधिकृत संस्था नव्हती. अशा परिस्थितीत जागतिक प्रदर्शनाचे यजमानपद चार-पाच वर्षे वयाच्या शेतकरी संघटनेकडे गेले, हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य होय.

या रचनेचे दोन अर्थ लावता येतात. पहिला अर्थ असा की, शेतीचे प्रदर्शन शेतकऱ्यांच्या संस्थेने भरवल्याने निमंत्रक शेतकरी ठरला. परदेशी राष्ट्राध्यक्ष ज्या मंचावर आले, तो शेतकऱ्यांच्या संस्थेचा होता. वऱ्हाडच्या बाजार समित्यांत ज्या शेतकऱ्याला कारभारात पुरेसे स्थान नव्हते, त्याच्याच नावाची संघटना येथे जगातील बलाढ्य राष्ट्रांची यजमान झाली. फुल्यांच्या सूचनेतील मान मिळवणाऱ्या शेतकऱ्याचे हे एक विस्तारित रूप होते.

दुसरा अर्थ मर्यादा दाखवणारा आहे. संघटनेचे संस्थापक आणि सरकारातील कृषिविषयक मंत्री या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे होत्या. परदेशी सरकारांशी बोलणी, जागेची उपलब्धता आणि सरकारी यंत्रणेचे सहकार्य या गोष्टी केवळ संघटनेच्या बळावर मिळणे अवघड होते. त्यामुळे प्रदर्शनाचे यश किती प्रमाणात संघटनेचे आणि किती प्रमाणात मंत्रिपदाचे, हे वेगळे करणे कठीण आहे. सार्वजनिक साधने वापरणाऱ्या बिनसरकारी संस्थेचे उत्तरदायित्व कोणाकडे असावे, हा प्रश्नही या रचनेतच दडलेला होता. जिल्हा कौन्सिलमध्ये याचे उत्तर सोपे होते. तेथे मतदार अध्यक्षाला बदलू शकत होते. देशभर विखुरलेल्या सभासदांच्या संघटनेत ते तितके सोपे नव्हते.

प्रदर्शनाच्या परिणामांचे मोजमाप करतानाही सावधगिरी आवश्यक आहे. मे १९६० मध्ये स. का. पाटील यांनी वॉशिंग्टन येथे धान्य आयातीच्या चार वर्षांच्या करारावर सही केली; म्हणजे प्रदर्शन संपल्यानंतरही अन्नटंचाई कायमच होती. उत्पादनातील मोठी वाढ १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात संकरित व अधिक उत्पादन देणाऱ्या वाणांमुळे झाली. प्रदर्शनाने धान्य वाढवले, असे म्हणता येत नाही. शेतकऱ्याला जगातील शेती पाहण्याची आणि जगाला भारतीय शेतकऱ्याची संघटना पाहण्याची संधी त्याने दिली, एवढे निश्चित म्हणता येते.

आफ्रो-आशियाई परिषद आणि अखेरचा काळ

प्रदर्शनातून जुळलेल्या आंतरराष्ट्रीय संबंधांच्या काळातच भारत कृषक समाजाने पुढचे पाऊल टाकले. जानेवारी १९६१ मध्ये समाजाच्या पुढाकाराने दिल्लीत ग्रामीण पुनर्रचनेविषयी आफ्रो-आशियाई परिषद भरली. दुसरी परिषद १९६२ मध्ये कैरो येथे झाली आणि तेथे आफ्रो-आशियाई ग्रामीण पुनर्रचना संघटना अस्तित्वात आली. या आंतरसरकारी संघटनेचे मुख्यालय दिल्लीत आहे. शेतकऱ्यांच्या बिनसरकारी संस्थेने बोलावलेल्या परिषदेतून सरकारांची संघटना जन्माला यावी, हे उदाहरण विरळा आहे.

१९६२ नंतर पंजाबराव मंत्रिमंडळात नव्हते. लोकसभेचे सदस्यत्व, कृषक समाज आणि शिवाजी शिक्षण संस्था यांच्या कामात ते अखेरपर्यंत मग्न राहिले. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

वारसा

दिल्लीतील प्रदर्शनाची दालने तात्पुरती होती. प्रदर्शन संपल्यावर त्यांचे काम संपले. प्रदर्शनाची आठवण मात्र एका संस्थेच्या नावात टिकून आहे. वर्ल्ड ॲग्रिकल्चर फेअर मेमोरियल फार्मर्स वेल्फेअर ट्रस्ट सोसायटी ही भारत कृषक समाजाशी संबंधित संस्था दिल्लीत निजामुद्दीन पश्चिम भागातून काम करते. कृषक समाजाचे नेतृत्व पुढे दीर्घकाळ बलराम जाखड यांच्याकडे होते.

विदर्भात कृषी विद्यापीठ व्हावे या मागणीसाठी १९६० च्या दशकात अकोल्यात आंदोलन झाले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी तेथे स्थापन झालेल्या विद्यापीठाला पंजाबरावांचे नाव देण्यात आले. ते आज डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. पंजाबरावांच्या जयंतीच्या सुमारास, डिसेंबरच्या अखेरीस, विद्यापीठाच्या परिसरात कृषी प्रदर्शन भरते. नवे वाण, अवजारे, शेतमालप्रक्रिया आणि बचत गटांची उत्पादने पाहण्यासाठी वऱ्हाडातील शेतकरी तेथे येतात. विद्यापीठाची शिवार फेरी हा उपक्रमही प्रदर्शनाच्याच कल्पनेचा विस्तार आहे. मंडपातील तक्त्यांऐवजी प्रत्यक्ष उभी पिके शेतकऱ्याला तेथे दाखवली जातात.

महाराष्ट्र शासन कृषी क्षेत्रातील उल्लेखनीय कार्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख कृषिरत्न पुरस्कार देते. शेतकरी व मजूर कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठीची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आणि राज्याचे नैसर्गिक शेती मिशन यांनाही त्यांचे नाव आहे. श्री शिवाजी शिक्षण संस्था ही विदर्भातील मोठ्या शिक्षण संस्थांपैकी एक असून तिच्या घटनेनुसार कार्यकारिणीची निवड सभासदांच्या मतदानाने होते. पंजाबरावांनी संस्थांना घालून दिलेल्या कार्यपद्धतीचा हा भाग वऱ्हाडात आजही चालू आहे.